चौकटीबाहेर बसलेला सहावा डबा : स्टॅक दाखवणाऱ्या एका चित्रमय प्रोग्रॅमचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या तंत्रनिकेतनात संगणक अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला मी ‘सी’ भाषेतून डेटा स्ट्रक्चर, म्हणजे संगणकात माहिती मांडून ठेवण्याच्या रचना, हा विषय शिकवते. हे प्रकरण त्या विषयातील स्टॅक या एका घटकाचे आणि तो दाखवण्यासाठी लिहिलेल्या, जेमतेम दीडशे ओळींच्या एका प्रोग्रॅमचे आहे. संस्थेचे व विद्यार्थ्यांचे नाव येथे दिलेले नाही. प्रसंगांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे, माझ्या चुकांसह.

वर्गातील बहुतेक मुले-मुली दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आहेत. त्यामुळे स्टॅक शिकवताना पहिल्या तासाला मी ‘चळत’ हा शब्द वापरते. भाकऱ्यांची चळत असो की ताटांची, वरचे उचलल्याशिवाय खालचे हाती लागत नाही हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. ‘ढीग’ हा शब्द मी जाणूनबुजून टाळते, कारण पुढे ‘हीप’ नावाची वेगळीच रचना शिकायची असते आणि तोवर ढीग मोकळा ठेवलेला बरा. ‘उतरंड’ हा शब्द जवळचा वाटतो खरा, पण उतरंडीतील मडकी वर जाताना लहान होत जातात, आणि स्टॅकच्या सगळ्या घरांचा आकार सारखाच असतो.

प्रयोगशाळेतील संगणकांवर ६४ बिटांची विंडोज प्रणाली आहे. ती १६ बिटांचे जुने प्रोग्रॅम चालवत नाही, म्हणून आमच्याकडे टर्बो सी हे ‘सी’चे प्रोग्रॅम लिहिण्या-चालवण्याचे जुने साधन डॉसबॉक्सच्या, म्हणजे जुनी डॉस प्रणाली भासवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आत चालते. या व्यवस्थेवर टीका करणे सोपे आहे आणि मीही ती केली आहे. तरीही हातात जे होते ते हेच होते, आणि पुढचे बरेच निर्णय या एका गोष्टीने ठरवले.

समस्या

चळतीची उपमा वर्गात उत्तम चालली. ‘शेवटी आत गेलेला पहिला बाहेर’ हे वाक्य सगळ्यांना पाठ झाले, पुश (वर ठेवणे) आणि पॉप (वरचे काढून घेणे) यांच्या व्याख्या वहीत व्यवस्थित उतरल्या. अडचण दिसली ती पहिल्या छोट्या चाचणीत. मी विचारले होते की रिकाम्या स्टॅकमध्ये ५ आणि ८ पुश केले, एकदा पॉप केले, मग ३ आणि ९ पुश केले, तर आता टॉपची किंमत काय?

घरांचे क्रमांक शून्यापासून मोजले आणि टॉपची सुरुवात -१ पासून होते असे गृहीत धरले, तर उत्तर २ येते. वह्यांत तीन निरनिराळी चुकीची उत्तरे आली आणि प्रत्येकामागे स्वतःचा तर्क होता. काहींनी ९ लिहिले, कारण सर्वांत वर ९ आहे. काहींनी ३ लिहिले, कारण तीन अंक शिल्लक आहेत. काहींनी ४ लिहिले, कारण एकूण चार वेळा पुश झाले. म्हणजे मुलांना चळत कळली होती, पण चळतीचे वरचे टोक कुठे आहे हे लक्षात ठेवणारा टॉप हा स्वतंत्र आकडा आहे, तो घराचा क्रमांक आहे आणि त्या घरातील माल नव्हे, हे कळले नव्हते. ताटांच्या चळतीत टॉप नावाची वेगळी वस्तूच नसते, तेथे डोळ्याने पाहिले की झाले. उपमा जेथे संपते, नेमका तेथे प्रोग्रॅम सुरू होतो, आणि त्या सीमेवर मी काहीच उभे केले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय फळ्याचा होता. फळ्यावर मी दर वर्षी पाच घरे काढते, बाण काढते, पुसते, पुन्हा काढते. फळ्याचा गुण असा की मध्येच थांबता येते आणि दोष असा की तेथे चूक होऊच शकत नाही, कारण बाण कुठे जायचा हे मला आधीच माहीत असते. मुले फळा उतरवून घेतात, आणि उतरवलेल्या चित्रात बाणाचा प्रवास राहत नाही, त्याचा शेवटचा मुक्काम तेवढा राहतो.

दुसरा पर्याय इंटरनेटवरील तयार चलचित्रांचा होता. त्यांतील काही फार सुरेख आहेत. पण त्यांच्या मागे कोणता कोड चालतो हे मुलांना दिसत नाही, आणि आमच्या वहीतील फंक्शनशी (ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याशी) त्यांचा मेळ घालता येत नाही. तिसरा पर्याय टर्बो सीच्याच डिबगरचा होता: एकेक ओळ चालवायची आणि वॉच खिडकीत टॉप व अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांच्या घरांची रांग, पाहत राहायचे. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे, कारण त्यात प्रत्यक्ष स्मृतीत जे आहे तेच दिसते. मी तो एका बॅचला दाखवून पाहिला. ज्यांना आधीच समजले होते त्यांना तो आवडला, इतरांना आकड्यांच्या आणखी एका रांगेपलीकडे त्यात काही दिसले नाही.

चौथा पर्याय स्वतःचा चित्रमय प्रोग्रॅम लिहिण्याचा होता. त्यात पुन्हा पायथन की सी हा प्रश्न आला. पायथनमधील टीकेइंटर वापरून खिडकी, बटणे आणि रंग सहज मिळाले असते, पण मुलांनी पायथन अजून पाहिलेले नव्हते. शिवाय पायथनच्या लिस्टला पुश-पॉपसारखी कामे आयतीच येतात, म्हणजे ज्या टॉपसाठी हा सगळा खटाटोप, तोच पडद्याआड गेला असता. म्हणून टर्बो सीच्या ग्राफिक्स लायब्ररीवर शिक्कामोर्तब केले. ६४० गुणिले ४८० बिंदूंचा पडदा, १६ रंग, आयत काढणारे एक फंक्शन आणि मजकूर लिहिणारे एक फंक्शन एवढ्यावर काम भागणार होते. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो, जरी त्याची किंमत पहिल्याच दिवशी मोजावी लागली.

पहिली आवृत्ती

किंमत अशी की पहिल्या प्रॅक्टिकलचा अर्धा तास पडदाच उघडला नाही. अर्ध्याअधिक संगणकांवर ‘ग्राफिक्स सुरू झालेले नाही’ अशी चूक येत होती. आमचे प्रयोगशाळा साहाय्यक दोन-तीन संगणक पाहून माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मॅडम, मशीनला काही झालेले नाही, स्लॅश एकच टाकलाय.” ग्राफिक्स सुरू करणाऱ्या फंक्शनला चालक फाइल कुठे ठेवली आहे तो मार्ग द्यावा लागतो. मुलांनी तो लहान लिपीत आणि एकेरी उलट्या स्लॅशने लिहिला होता. सी भाषेत उलटा स्लॅश आणि त्यापुढे लहान ‘टी’ आला की त्याचा टॅब होतो, लहान ‘बी’ आला की बॅकस्पेस होतो, आणि आमच्या मार्गात टर्बोसी आणि बीजीआय या फोल्डरांच्या नावांतील ‘टी’ आणि ‘बी’ असे दोन्ही नेमके स्लॅशच्या पुढेच उभे होते. दुहेरी स्लॅश टाकल्यावर पडदे उघडले. त्यानंतर मी प्रोग्रॅममध्ये ग्राफिक्सचा निकाल तपासणारी ओळ घातली, जी खरे तर पहिल्यापासून असायला हवी होती.

चित्राची रचना साधी होती. तळ पडद्याच्या वरच्या कडेपासून ४०० बिंदूंवर, प्रत्येक डबा ४० बिंदू उंच, एकूण घरे पाच, म्हणजे चौकटीची वरची कड २०० वर. घरे पाचच ठेवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता. पाठ्यपुस्तकांत पन्नास किंवा शंभर घरांचा अ‍ॅरे घेतलेला असतो आणि म्हणून स्टॅक भरल्याचा प्रसंग विद्यार्थी कधी पाहतच नाही. पाच घरांत तो मिनिटाभरात येतो. डबा पुढे सरकवण्यासाठी वेळकाढू फंक्शन न वापरता प्रत्येक पायरी कळ दाबल्यावरच होईल असेही ठरवले, कारण वेळेवर चालणारे चित्र वर्गातील सर्वांत जलद विद्यार्थ्याच्या गतीने तरी चालते किंवा सर्वांत संथ विद्यार्थ्याच्या, मधले सगळे ताटकळतात.

चित्र काढण्याची पद्धत मात्र मी निष्काळजीपणे निवडली. पुढचा डबा कुठे काढायचा हे लक्षात ठेवण्यासाठी मी उंचीचे एक वेगळे व्हेरिएबल (बदलता आकडा साठवणारी जागा) ठेवले. पुश झाले की त्यातून ४० वजा करायचे आणि डबा रंगवायचा, पॉप झाले की वरचा डबा काळ्या रंगाने पुसायचा आणि ४० मिळवायचे. घरी तीन पुश आणि दोन पॉप करून पाहिले, सगळे ठीक दिसले.

दुसऱ्या बॅचमध्ये एका मुलीने १० ते ५० असे पाच आकडे पुश केले आणि मग ६० पुश केला. पडद्यावर ‘स्टॅक भरला आहे’ असा संदेश आला आणि त्याच वेळी चौकटीच्या कडेवर, हवेत, ६० लिहिलेला सहावा डबा जाऊन बसला. ती म्हणाली, “मॅडम, हा म्हणतोय जागा नाही, पण डबा तर बसला की!” वर्ग हसला. मीही हसले, आणि मग तिला पॉप करायला सांगितले. संदेश आला की ५० बाहेर आला. पुसला गेला तो ६०चा डबा.

कारण शोधायला वेळ लागला नाही. स्टॅक भरला असल्यास पुश फंक्शन संदेश देऊन परत फिरत होते, पण मुख्य फंक्शनला त्याचा पत्ताच नव्हता आणि ते पुढची डबा काढण्याची ओळ निमूटपणे चालवत होते. खरी गंमत पुढे होती. तिने पॉप करणे चालू ठेवले. पाच पॉपनंतर अ‍ॅरे रिकामा झाला, तरी पडद्यावर १०चा डबा उरलाच. सहाव्यांदा पॉप केल्यावर ‘स्टॅक रिकामा आहे’ असा संदेश आला आणि तो उरलेला डबाही पुसला गेला, कारण पॉपमध्येही तीच चूक होती. म्हणजे शेवटी पडदा अगदी बरोबर दिसत होता. दोन चुकांनी एकमेकींची फिट्टंफाट केली होती, आणि जो विद्यार्थी भराभर कळा दाबत गेला असता त्याला काहीच वावगे दिसले नसते.

निर्णयाचा पहिला टप्पा: चित्र कोणाचे ऐकणार

येथे दोन मार्ग होते. सोपा मार्ग असा की पुश फंक्शनने यश किंवा अपयश परत द्यावे आणि यश आले तरच डबा काढावा. दुरुस्ती दोन ओळींची होती. दुसरा मार्ग असा की उंचीचे ते व्हेरिएबल काढूनच टाकावे, आणि चित्र काढणाऱ्या फंक्शनला फक्त अ‍ॅरे आणि टॉप देऊन दर वेळी संपूर्ण चित्र नव्याने काढायला लावावे. त्या फंक्शनने काही बदलायचे नाही, फक्त वाचायचे.

मी दुसरा मार्ग घेतला, आणि तो का घेतला हे वर्गात बोलून दाखवले. पहिल्या मार्गात स्टॅकची स्थिती दोन ठिकाणी लिहिलेली राहते, एकदा टॉपमध्ये आणि एकदा उंचीत, आणि त्या दोन नोंदी जुळत्या ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक नव्या ओळीवर पडते. दुकानदाराने एकाच उधारीच्या दोन वह्या ठेवाव्यात तसे हे आहे. दुसऱ्या मार्गात चित्र चुकीचे दिसले तर त्याचा अर्थ एकच, की स्टॅकच चुकला आहे. शिकवण्यासाठीच्या प्रोग्रॅममध्ये हा गुण मला वेगापेक्षा मोलाचा वाटतो.

वेगाची तक्रार आलीच. दर कळीला पूर्ण पडदा पुसून पुन्हा काढल्यामुळे चित्र क्षणभर लुकलुकत असे. पडद्याआड दुसऱ्या पानावर चित्र काढून मग ते समोर आणण्याची सोय टर्बो सीमध्ये आहे, पण ४८० बिंदू उंचीच्या प्रकारात एकच पान मिळते, दोन पाने हवी असतील तर ३५० बिंदू उंचीच्या प्रकारात यावे लागते. मी लुकलुक सहन करण्याचे ठरवले. एका विद्यार्थ्याने मात्र स्वतःहून तळ वर घेऊन दोन पानांची आवृत्ती तयार केली. ती माझ्यापेक्षा चांगली दिसत होती.

दुसरी आवृत्ती आणि तिने रुजवलेला गैरसमज

नव्या आवृत्तीत डबे आणि संदेश जुळले. टॉपसाठी चौकटीशेजारी बाण आला आणि त्याच्यापुढे टॉपची किंमत. वर दिलेला ५, ८, ३, ९चा प्रश्न पुन्हा विचारल्यावर टॉप आणि मूल्य यांची गल्लत बरीच कमी झालेली दिसली. मी समाधानी होते, आणि ते समाधान सुमारे दोन आठवडे टिकले.

सत्राच्या मध्यावर तोंडी परीक्षेचा सराव घेत असताना मी सहज एका मुलाला विचारले की पॉप केल्यावर अ‍ॅरेच्या त्या घरात काय राहते. तो म्हणाला, “काही नाही, रिकामे होते.” पुढच्याने “शून्य” सांगितले. आणखी एकाने तर माझ्या कोडकडे बोट दाखवून विचारले, “मॅडम, पॉपमध्ये तिथे शून्य ठेवायचे राहून गेलेय का?” त्याने आपल्या वहीत ती ओळ घालूनही टाकली होती.

दोष मुलांचा नव्हता. पडद्यावर पॉप केल्याबरोबर डबा नाहीसा होताना त्यांनी शेकडो वेळा पाहिला होता. प्रत्यक्षात पॉप करताना मूल्य वाचले जाते आणि टॉप एकाने कमी होतो, घरातील आकडा जागच्या जागीच राहतो आणि पुढचा पुश त्यावर दुसरे काही लिहीपर्यंत तेथेच पडून असतो. फळ्यावर ही गोष्ट मी दर वर्षी ओझरती सांगत असे. चित्राने ती सांगितली नाहीच, उलट जे घडत नाही ते घडताना दाखवले. ज्या चित्रामुळे एक गैरसमज गेला, त्याच चित्राने दुसरा आणून बसवला होता, आणि तो अधिक पक्का होता, कारण तो ऐकलेला नव्हता, पाहिलेला होता.

निर्णयाचा दुसरा टप्पा: किती खरे दाखवावे

काही सहकाऱ्यांचे मत असे पडले की एवढे तपशिलात जाऊ नये. स्टॅक ही अमूर्त रचना आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने पॉप केलेला घटक गेलाच, आत काय उरते हा मांडणीचा प्रश्न आहे, आणि दोन्ही एकत्र दाखवले तर मुलांचा गोंधळ वाढेल. हा आक्षेप मला तेव्हाही रास्त वाटला होता आणि अजूनही वाटतो. दुसरी सूचना अशी होती की पॉपमध्ये खरोखरच शून्य ठेवावे, म्हणजे चित्र आणि अ‍ॅरे जुळतील. ती मी नाकारली. चित्र सोयीचे व्हावे म्हणून कोड बदलणे मला उलटे वाटले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शून्य हेही एक मूल्यच आहे. कोणी मुद्दाम ० पुश केला तर भरलेले शून्य आणि रिकामे शून्य यांत फरक कसा करणार? स्टॅक कुठपर्यंत भरला आहे हे घरांतील आकड्यांवरून कधीच कळत नाही, ते एकटा टॉप सांगतो. चाचणीतील पहिल्या चुकीच्या उत्तराचे मूळही येथेच होते.

म्हणून तिसऱ्या आवृत्तीत पडदा उभा दोन भागांत वाटला. डाव्या बाजूला चळत, पूर्वीसारखीच, पॉप झाले की डबा नाहीसा. उजव्या बाजूला पाचही घरांचा अ‍ॅरे, त्यात जे काही आहे ते सगळे, टॉपच्या वरची घरे गडद राखाडी रंगात. दोन्ही बाजूंना एकच बाण. मुलांना मी सांगितले की डावीकडे वापरणाऱ्याला काय दिसते ते आहे आणि उजवीकडे यंत्रात काय आहे ते.

उजवा भाग सुरू होताच एक नवीच गोष्ट समोर आली. अ‍ॅरे मी मुख्य फंक्शनच्या आत जाहीर केला होता, त्यामुळे एकही पुश न करता त्याच्या घरांत भलतेच आकडे दिसू लागले, काही ऋण, काही पाच अंकी. टर्बो सीमध्ये पूर्णांक १६ बिटांचा असतो, म्हणून ते सगळे -३२७६८ ते ३२७६७ या मर्यादेत होते. अ‍ॅरे फंक्शनच्या बाहेर जाहीर केला असता तर सगळीकडे शून्ये आली असती आणि पडदा नीटनेटका दिसला असता. मी तो आतच ठेवला. रिकाम्या स्टॅकच्या घरांत कचरा असतो आणि तरीही स्टॅक रिकामाच असतो, हे एका नजरेत दाखवणारे दुसरे साधन मला मिळाले नसते.

बाणाच्या बाबतीत एक अनपेक्षित लाभ झाला. प्रत्येक घराची वरची कड काढण्याचे सूत्र असे होते की घराच्या क्रमांकात एक मिळवायचा, त्याला ४०ने गुणायचे आणि तो गुणाकार ४००मधून वजा करायचा. शून्याव्या घरासाठी ३६० येते. टॉप -१ असताना त्याच सूत्राने ४०० येते, म्हणजे बाण आपोआप तळाच्या एक घर खाली, जमिनीच्या पोटात जाऊन थांबतो. त्यासाठी वेगळी अट लिहावी लागली नाही. ‘-१ च का?’ या दर वर्षी येणाऱ्या प्रश्नाला मी आजवर दिलेल्या कोणत्याही उत्तरापेक्षा जमिनीखालचा तो बाण अधिक समाधानकारक ठरला.

लटकणारा स्टॅक

मुलांनी स्वतःची आवृत्ती लिहायची होती तेव्हा घडलेला एक प्रसंग येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण त्यातील निर्णय मी चुकीचा घेतला. संगणकाच्या पडद्यावर उंची वरून खाली मोजतात, वरची कड शून्य आणि खाली जाल तसा आकडा वाढतो. एका विद्यार्थ्याने वजाबाकीऐवजी बेरीज केली आणि त्याचा स्टॅक छताला टांगल्यासारखा वरून खाली वाढू लागला. मी जर्नलमध्ये लाल शाईने ‘दिशा चुकीची’ असा शेरा मारला.

त्या संध्याकाळी मला स्वतःचाच शेरा खटकला. पुश, पॉप, टॉप, भरल्याची आणि रिकाम्याची तपासणी, सगळे त्याने बरोबर केले होते. स्टॅक वर वाढतो ही गोष्ट ताटांची आहे, स्टॅकची नाही. आपल्या टेबलावरच्या संगणकांतील एक्स८६ प्रोसेसरचा स्टॅकसुद्धा स्मृतीतील मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे, म्हणजे सवयीच्या चित्रात खालीच वाढतो. या कल्पनेच्या इतिहासातही वर जाणारी चळत सुरुवातीला नाही. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९४०च्या दशकात एसीई या संगणकाच्या आराखड्यात सबरूटीनकडे (प्रोग्रॅममधील उपकामाकडे) जाताना आणि तेथून परतताना परतीच्या जागेसाठी ‘पुरणे’ आणि ‘उकरणे’ या अर्थाचे शब्द वापरले होते. जर्मनीत फ्रिडरिश बाउअर आणि क्लाउस सामेलझोन यांनी १९५७ मध्ये ज्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिला ते ‘केलर’ म्हणत, म्हणजे तळघर. दुसऱ्या दिवशी मी शेरा खोडला, त्याचा स्टॅक प्रोजेक्टरवर दाखवला आणि वर्गाला विचारले की याच्यात काय चुकले आहे. बराच वेळ गेल्यावर एकजण म्हणाला, “काहीच नाही मॅडम, फक्त मान खाली घालून बघावे लागते.”

परिणाम

परिणाम मोजण्याची शिस्तशीर व्यवस्था मी केलेली नव्हती, त्यामुळे येथे आकडे देत नाही. वह्या, जर्नले आणि तोंडी परीक्षेतील उत्तरे यांवरून दिसले ते एवढे की टॉप आणि मूल्य यांची गल्लत जवळपास गेली, आणि पॉपनंतर घरात काय राहते या प्रश्नावर ‘आधीचेच, पण ते आता स्टॅकमध्ये नाही’ असे उत्तर अनेकांकडून आले. नंतर कंसांची जोडी तपासणाऱ्या प्रॅक्टिकलमध्येही मुलांनी हाच प्रोग्रॅम आकड्यांऐवजी कंस घेऊन वापरला आणि तो घटक अपेक्षेपेक्षा लवकर उरकला.

या सुधारणेचे किती श्रेय चित्राला द्यावे याविषयी मी सावध आहे. तिसऱ्या आवृत्तीबरोबर मी एक नियमही घातला होता: कळ दाबण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचे की बाण कुठे जाईल आणि उजवीकडच्या कोणत्या घरात काय दिसेल, आणि मगच कळ दाबायची. क्रिस्टोफर हुंडहाउझेन, सारा डग्लस आणि जॉन स्टॅस्को यांनी २००२ मध्ये अल्गोरिदमच्या चित्ररूपांविषयीच्या २४ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यांचा निष्कर्ष असा की चित्रात काय दाखवले आहे त्यापेक्षा विद्यार्थी त्या चित्रासोबत काय करतात याचा परिणाम मोठा असतो. आमच्या बाबतीतही बहुधा त्या वहीतील अंदाजांनीच अधिक काम केले असावे. ज्या बॅचमध्ये मी घाईमुळे हा नियम सोडून दिला, त्या बॅचमध्ये मुले कळा दाबून मोकळी झाली आणि पुढच्या तासाला तेच जुने प्रश्न घेऊन आली.

वेगळे काय करता आले असते

पहिली आवृत्ती वर्गात नेण्याआधी मी ती काठावर तपासायला हवी होती, म्हणजे भरलेल्या स्टॅकमध्ये पुश आणि रिकाम्या स्टॅकमधून पॉप. मुलांना मी हेच सांगते आणि स्वतः मधल्या सुरक्षित भागात तीन पुश करून समाधान मानले. अर्थात, तो सहावा डबा पडद्यावर दिसला नसता तर स्थिती एकाच ठिकाणी लिहावी ही गोष्ट मी इतक्या ठासून शिकवली असती असे वाटत नाही. पुढच्या वर्षी मी ती सदोष आवृत्तीच मुलांच्या हाती देऊन दोष शोधायला लावणार आहे. मात्र तेव्हा तो दोष तेथे आहे हे मला माहीत असेल.

दोन भागांचा पडदा पहिल्या दिवसापासून द्यावा का, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. सहकाऱ्यांचा गोंधळाविषयीचा आक्षेप लक्षात घेता पहिल्या प्रॅक्टिकलला डावा भाग आणि दुसऱ्याला उजवा भाग उघडावा, असा माझा सध्याचा कल आहे. पण दोहोंमध्ये आठवड्याहून अधिक अंतर पडू देऊ नये, कारण रिकाम्या घराचा गैरसमज त्याच काळात घट्ट होतो असा अनुभव आहे.

एक त्रुटी तिसऱ्या आवृत्तीतही तशीच राहिली. स्टॅक लिंक्ड लिस्टने, म्हणजे एकमेकांचा पत्ता बाळगणाऱ्या सुट्या डब्यांनी, बांधायचा घटक आला तेव्हा काही मुले विचारू लागली की आता चौकटीचे छत कुठे काढायचे आणि सहावा डबा आल्यावर संदेश कोण देणार. पाच घरांचा स्टॅक इतके दिवस डोळ्यांसमोर राहिल्याने मर्यादा हा स्टॅकचाच गुण आहे असे त्यांना वाटू लागले होते. ती मर्यादा अ‍ॅरेची आहे. लिंक्ड लिस्टमध्ये स्मृती संपेपर्यंत डबे येत राहतात, ते शेजारी-शेजारी नसतात, आणि पॉप केलेला नोड (म्हणजे डबा) मोकळा करावा लागतो, म्हणजे येथे उजव्या बाजूचे राखाडी घरही कामाचे नाही. त्यासाठी विखुरलेले डबे आणि त्यांना जोडणारे बाण काढणारी वेगळीच आवृत्ती हवी. ती लिहायला घेतली आहे. तूर्तास लिंक्ड लिस्टचा स्टॅक आमच्याकडे खडूनेच काढला जातो.